खुणेची जुळी : झाडीपट्टीत मेंदूच्या गाठीची तपासणी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रुग्णाला दारातून खुर्चीपर्यंत चालत येताना न्याहाळायचे आणि मगच त्याचं नाव विचारायचे, असं त्यांचे जुने कंपाउंडर सांगतात. आजचा विषय त्या सवयीला धरूनच आहे. मेंदूत गाठ असली तर ती माणसाच्या अंगावर कुठे आणि कशी दिसते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीत ती ओळखताना कुठे फसगत होते, याबद्दल मी बोलणार आहे. विषय भीतीचा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. समोर बसलेल्यांपैकी ज्यांचं डोकं आज दुखत असेल, त्यांना गाठ असण्याची शक्यता फार कमी आहे. डोकेदुखी घरोघरी, गाठ विरळ. नुसतंच डोकं दुखतंय आणि बाकी तपासणी स्वच्छ आहे, असा गाठीचा रुग्ण क्वचितच भेटतो. म्हणून तर तपासणीला किंमत आहे.

ती किंमत किती, हे १८८४ सालच्या एका घटनेवरून कळतं. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये, रीजेंट्स पार्कजवळच्या अपस्मार आणि पक्षाघाताच्या रुग्णालयात, एका २५ वर्षांच्या स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडण्यात आली. एक्स-रेचा शोध लागायला अजून ११ वर्षं अवकाश होता. त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी फडफडू लागली होती, मग झटके येऊ लागले, मग डाव्या हातातली ताकद कमी होत गेली. डोकं दुखायचं, ओकाऱ्या व्हायच्या, आणि डोळ्यांत पाहिलं तर दोन्ही बाजूंचा मज्जातंतू सुजलेला. अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरने एवढ्याच आधारावर सांगितलं की गाठ उजव्या बाजूला, हालचालींचा कारभार पाहणाऱ्या पट्ट्यात आहे. रिकमन गॉडली या सर्जनने, जो जोसेफ लिस्टरचा भाचा, त्याच जागी कवटीला भोक पाडलं. गाठ तिथेच, पृष्ठभागाखाली, अक्रोडाएवढी. पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि रुग्ण २८ दिवसांनी दगावला. ती हार शस्त्रक्रियेच्या काळाची होती. जागा सांगण्यात मात्र चूक झाली नव्हती. गॉडफ्री हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅन यंत्रात पहिला रुग्ण गेला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी. मधली ८७ वर्षं मेंदूच्या सर्जनला कुठे उघडायचं हे बऱ्याच अंशी हातोडी, टाचणी, टॉर्च आणि ऑप्थॅल्मोस्कोप यांनीच सांगितलं.

आता हाच शेतकरी सिंदेवाहीचा किंवा धानोऱ्याचा आहे असं धरा. तोच चेहरा फडफडतोय, तोच हात ढिला पडलाय. बेनेटसाहेबांनी काय म्हटलं असतं? 'गाठ आहे' असं म्हणाले असते, आणि इथे ते कदाचित चुकले असते. आपल्या गावात डुकरं मोकाट फिरतात, उघड्यावर शौच अजून पूर्ण थांबलेलं नाही, आणि फीताकृमीची अंडी पोटात गेली की त्याच्या पिल्लाची पुटकुळी मेंदूत जाऊन बसते. तिचे झटके अगदी तसेच येतात. क्षयाची गाठही तशीच वागते. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत एकेकाळी मेंदूची गाठ म्हणून जे डोकं उघडलं जायचं, त्यात क्षयाच्या गाठी बऱ्याच निघायच्या. या दोन्ही आजारांना औषध आहे. म्हणजे लंडनच्या पुस्तकात ज्या खुणेचा एक अर्थ छापलाय, तिला आपल्याकडे एक जुळी बहीण असते. जुळी ओळखता आली नाही तर दोन्हीकडून नुकसान. गाठीचा माणूस दुसऱ्याच औषधावर महिनोन्‌महिने राहतो, आणि बरा होण्यासारखा माणूस गाठीच्या भीतीने घर-शेत विकायला निघतो. आज मला सांगायचंय ते एवढंच, की या दोन जिल्ह्यांत तपासणी करणाऱ्याला मेंदूबरोबर हा मुलूखही माहीत असावा लागतो.

पायापासून सुरुवात करू. आपल्याकडे वरोऱ्याला कुष्ठरुग्णांचं आनंदवन आहे, त्यामुळे पाऊल पडलेला माणूस दिसला की कुष्ठरोग आठवतो, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारा मज्जातंतू कुष्ठरोगात जाड होतो, पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल घासते, निसटते. पण मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीत, अगदी माथ्याखाली, पायाची जागा आहे. तिथे मेंदूच्या आवरणाची गाठ वाढू लागली तरी पहिली तक्रार हीच असते : एक पाऊल पडतंय. इथे हात काय सांगतो ते पाहा. कुष्ठरोगात तो मज्जातंतू बोटाखाली दोरीसारखा लागतो, पावलाच्या वरच्या भागावर कापसाचा स्पर्श कळत नाही, पाय सैल असतो. गाठ असेल तर कातडीला सगळं कळतं, पण पाय ताठ असतो, टाचेच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल गरजेपेक्षा जास्त उडतं, आणि तळव्याला खालून वर रेघ ओढली की अंगठा खाली जाण्याऐवजी वर उठतो. ही शेवटची खूण जोसेफ बाबिन्स्कीने १८९६ साली सांगितली. वैद्यकात इतक्या कमी खर्चाची आणि इतकी इमानदार खूण दुसरी मला माहीत नाही.

मात्र इमानदारीलाही इथे अडचण येते. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा तळवा इतका जाड असतो की रेघ ओढली तरी अंगठा हलतच नाही. नवखा डॉक्टर लिहून मोकळा होतो : 'उत्तर नाही'. अशा वेळी तळवा सोडावा आणि बाहेरच्या घोट्याखालून करंगळीकडे रेघ ओढावी. तिथली कातडी मऊ असते आणि अंगठा तेच सांगतो. कुष्ठरोगात तळव्याची संवेदनाच गेलेली असेल तर मात्र अंगठ्याकडून काही उत्तर येणार नाही, आणि त्या गप्प राहण्याचा गाठीशी काही संबंध नाही.

दोन्ही पाय ताठ झाले असतील तर दुसरी जुळी समोर येते, ती म्हणजे लाखोळी. धानाच्या बांधीत ओलीवर टाकलेलं हे कडधान्य गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं. रोजच्या जेवणात थोडं असलं तर काही होत नाही. दुष्काळात दोन-तीन महिने पोट दुसऱ्या कशाने भरलंच नाही आणि ताटात तेवढंच राहिलं, तर त्यातलं विष मज्जारज्जूवर उतरतं. तरुण माणूस, विशेषतः कष्टकरी पुरुष, चवड्यांवर आणि कात्रीसारखे पाय टाकत चालू लागतो. पायांची प्रतिक्षिप्त क्रिया जोरदार, अंगठे वर, स्पर्श शाबूत. माथ्याखालची गाठ दोन्ही बाजूंना दाबू लागली की चित्र थेट असंच दिसतं. फरक चालीत नाही, हकीकतीत आहे. लाखोळीचं दुखणं दोन्ही पायांत जवळपास एकाच वेळी येतं, काही दिवसांत किंवा आठवड्यांत ठरावीक जागी येऊन थांबतं, आणि त्याच गावात तशाच चालीचे आणखी लोक असतात. गाठ बहुतेकदा आधी एका पायात येते, मग दुसऱ्यात. ती थांबत नाही. मधेच अंगठ्यापासून सुरू होऊन पाय वर चढत जाणारा झटका येतो. अशा माणसाला 'तुमच्याकडे लाखोळी खातात का' एवढं विचारून थांबणं धोक्याचं आहे, कारण उत्तर बहुतेक 'हो' असंच येणार. सगळेच खातात.

बांधीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लहान मेंदूची तपासणी म्हणजे रुग्णाला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला लावणं. दवाखान्याच्या फरशीवर लोक लाजतात, हसतात, मुद्दाम जपून चालतात. धान पिकवणाऱ्या माणसाला मी वेगळा प्रश्न विचारतो : बांधावरून चालता येतं का अजून? तो बांध म्हणजे रोजची परीक्षाच आहे. 'आता बांधावरून पाय सुटतो, मी खालून चिखलातूनच जातो' असं कुणी म्हटलं तर पाय कोणत्या बाजूला सुटतो तेही विचारावं. लहान मेंदूच्या उजव्या भागात गाठ असेल तर तोल उजवीकडेच जातो. इथे उलट-सुलट नसतं. मोठ्या मेंदूत मात्र गाठ डावी तर अशक्तपणा उजवा. परीक्षेत मुलांचा घोळ होतो तो इथेच.

चेहऱ्याकडे वळू. मोठ्या मेंदूतल्या गाठीने चेहरा वाकडा झाला तर खालचा अर्धा वाकडा होतो. ओठ एका बाजूला ओढला जातो, पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. चेहऱ्याचा मज्जातंतूच बिघडला असेल तर कपाळही गुळगुळीत होतं आणि डोळा मिटत नाही. कुष्ठरोग यात तिसरा हिस्सेदार. तो कधीकधी फक्त पापणी मिटणारा स्नायू धरतो, आणि बुबुळाची संवेदनाही घालवतो. आता कानाच्या मज्जातंतूवरच्या गाठीचं चित्र आठवा : बुबुळाला कापसाची वात लावली तर डोळा लवत नाही. पुस्तकात ही त्या गाठीची जुनी खूण म्हणून दिलेली आहे. आनंदवनाच्या जिल्ह्यात ती एकटी पुरत नाही. तेव्हा मान वळवायला सांगावी. कानाखालून मानेवर येणारा मज्जातंतू जाड दोरासारखा उठून दिसतो का ते पाहावं, अंगावर बधिर चट्टे शोधावेत. आणि ट्यूनिंग फोर्क कानाशी धरावा. गाठीत आधी ऐकू येणं जातं, चेहरा फार उशिरा बिघडतो. फोन आताशा कोणत्या कानाला लावता, आणि आधी कोणत्या कानाला लावत होता, हा प्रश्न तर फोर्क नसलेल्या उपकेंद्रातही विचारता येतो.

पापण्या खाली आल्या असतील तर पावसाळ्यात पहिला विचार मण्याराचा. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतं, दंशाची खूण दिसत नाही, आणि सकाळी दोन्ही पापण्या उघडत नाहीत. हे तासांचं गणित आहे, त्यात मेंदूची गाठ शोधत बसू नये. गाठीच्या दाबाने पापणी पडते ती एका बाजूची, बाहुली मोठी होते आणि टॉर्चच्या उजेडाने आकसत नाही. त्यासोबत माणूस झोपाळलेला, बोलावलं तर उशिरा ओ देणारा असेल तर मेंदू खाली सरकू लागला आहे असं समजावं. रक्तदाब चढतोय आणि नाडी मात्र मंदावतेय, ही जोडी दिसली की वेळ जवळजवळ संपत आली आहे. हार्वे कुशिंग याने ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांनी दाखवून दिली होती. लक्षात ठेवा, ही उशिराची खूण आहे. तिची वाट पाहायची नसते.

आता डोळ्याच्या आत. मला आजच्या व्याख्यानात एकाच उपकरणाची वकिली करायची परवानगी दिली तर मी ऑप्थॅल्मोस्कोपची करीन. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झने ते १८५१ साली लोकांसमोर आणलं. कवटी बंद, पण डोळ्याच्या तळाशी मेंदूचाच एक मज्जातंतू उघडा दिसतो. कवटीत दाब वाढला की त्याची चकती सुजते, कडा पुसट होतात, शिरा फुगतात, त्यांचं उडणं थांबतं, आजूबाजूला रक्ताच्या बारीक रेघा दिसतात. आणि खरी मेख अशी, की सुरुवातीला नजर चांगली असते. तक्त्यावरची शेवटची ओळही रुग्ण वाचून दाखवतो. मग होतं काय, तर डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसाला चष्म्याचा नंबर देऊन घरी पाठवलं जातं. नंबर खरा असतो, चष्माही बरोबर असतो, आणि चकती कुणीच पाहिलेली नसते. कोळसा खाणीत काम करणाऱ्या आणि घरच्यांच्या आग्रहाने दोनदा चष्मा बदललेल्या माणसाची हकीकत या हॉलमधल्या बऱ्याच डॉक्टरांनी कुठे ना कुठे ऐकली असेल.

चकती सुजलेल्या माणसाची एक खास तक्रार असते. वाकून उठलं की डोळ्यांपुढे काही सेकंद अंधारी येते आणि जाते. रोवणीच्या दिवसांत बायका ही तक्रार करतात. आणि इथेच पुन्हा जुळी उभी राहते, कारण आपल्या भागात बायकांमध्ये रक्त कमी असणं फार, त्यात सिकलसेल. त्यांनाही उठताना अंधारी येते. ओठ-नखं पांढुरकी दिसली की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या द्यायलाही हव्यात. पण एकीचं रक्त कमी आहे म्हणून तिच्या डोळ्यात पाहायचं नाही असं कुठे आहे? रक्तदाबही मोजायलाच हवा, कारण तो फार चढला तर चकती तशीच सुजते. मलेरियाच्या तालुक्यात तर डोळ्यात पाहणं आणखी महत्त्वाचं. तापाने ग्लानीत गेलेला रुग्ण आला, मेंदूज्वर असेल म्हणून पाठीतून पाणी काढायची घाई झाली, की आधी डोळ्यात पाहावं आणि हातपाय दोन्हीकडे सारखे हलतात का ते पाहावं. चकती सुजली असेल किंवा एक बाजू ढिली असेल तर सुई ठेवून द्यावी. कवटीत गाठ असताना पाठीतून पाणी काढलं तर मेंदू खाली उतरून रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. मलेरियाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे प्रश्न मिटला असंही समजू नये. भामरागड, एटापल्लीत मलेरिया असलेल्या माणसाला दुसरं काही होत नाही असा नियम नाही.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र तपासणीचं काम करणारे कर्मचारी असतात. ते मोतीबिंदूच्या शिबिरात दिवसभर डोळेच पाहतात. त्यांना सुजलेली चकती ओळखायला शिकवणं अवघड नाही. माझं स्पष्ट मत आहे की या दोन जिल्ह्यांत मेंदूची गाठ लवकर सापडायची असेल तर नव्या यंत्राआधी ही गोष्ट करावी. ऑप्थॅल्मोस्कोप बहुतेक ठिकाणी असतो. सेल संपलेले असतात.

बोलण्याची तपासणी हा भाग पुस्तकांत दोन पानांत उरकलेला असतो, आणि इथे तोच सगळ्यात कठीण. डॉक्टर मराठी बोलतो. रुग्ण भामरागडचा असेल तर माडिया, सिरोंच्याचा असेल तर तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडचा असेल तर कदाचित बंगाली. मधे कुणीतरी दुभाषी असतो. परिचारिका, नातलग, शाळा शिकलेला भाचा. आता डाव्या मेंदूतल्या गाठीने रुग्णाचं बोलणं तुटलंय, शब्द सापडत नाहीत, 'पाणी' म्हणायच्या जागी भलतंच काही म्हणतोय. दुभाषी भला माणूस असतो. तो त्या तुटक्या बोलण्यातून अर्थ काढतो, वाक्य नीट जुळवतो आणि डॉक्टरच्या हातात स्वच्छ मराठी वाक्य ठेवतो : 'त्याचं डोकं दुखते म्हणते.' आजाराची सगळ्यात मोठी खूण भाषांतरात दुरुस्त होऊन गेली! म्हणून दुभाष्याला आधी बजावावं : तो काय म्हणाला ते नको, कसं म्हणाला ते सांगा. रुग्णाच्या बायकोला विचारावं, हा पूर्वी असाच बोलायचा का? रुग्णाला टॉर्च, चप्पल, किल्ली दाखवून नावं विचारायला लावावीत आणि उत्तराला लागणारा वेळ आपल्या कानांनी ऐकावा. अडखळणं कळायला भाषा यावी लागत नाही.

तसंच हिशेबाचं. शंभरातून सात वजा करत जा, ही शहरी परीक्षा आहे. निरक्षर माणसाला ती लावून 'बुद्धी मंद' असा शेरा लिहिणं हा अन्याय आहे. तेंदूपानाच्या हंगामात सत्तर पानांचा पुडा बांधणारी बाई मोजते, पानं एकसारखी रचते, गाठ मारते. यात मोजणी, हाताचं कसब आणि क्रम तिन्ही येतात. ती पुडा बांधायला विसरली असेल, सगळं साहित्य हातात असूनही गाठ कशी मारायची हे सुचत नसेल, तर मेंदूचा मागचा-वरचा भाग तपासायला हवा. जेवताना ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो का, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो का, हे घरातल्या बाईला विचारलं तर ती लगेच सांगते. तिच्या नजरेसमोर हे रोज घडलेलं असतं. आजाराशी त्याचा संबंध कुणी लावून दिलेला नसतो, इतकंच.

लकव्याबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करते. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी सहकाऱ्यांसोबत ८६ गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं. साधारण सात मृत्यूंत एक. मलेरिया, सर्पदंश, बाळंतपण यांच्याच चष्म्यातून या जिल्ह्याकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो धक्का होता. या माहितीचा आपल्या विषयाशी संबंध असा : लकवा एवढा मोठ्या प्रमाणावर असेल तर एक बाजू ढिली पडलेल्या प्रत्येकाला लकवाच मारला असं घर, गाव आणि डॉक्टर तिघेही धरून चालणार. गाठीचा रुग्ण त्या गर्दीत हरवतो. वेगळं काढणारी गोष्ट एकच, वेग. लकवा क्षणात येतो. 'सकाळी उठलो तर हात उचलेना.' गाठ आठवड्यांनी येते. आधी बैलाचा कासरा हातातून सुटायचा, मग शर्टाची बटणं लागेनात, मग भाकरीचा तुकडा मोडेना. अशा माणसाला दोन्ही हात पुढे, तळवे आकाशाकडे करून डोळे मिटायला सांगा. दुबळा हात हळूच आत वळतो आणि खाली येऊ लागतो. रुग्णाला स्वतःला ते कळतही नाही. या चाचणीला दहा-वीस सेकंद लागतात, पैसा लागत नाही. क्वचित गाठीतच रक्तस्राव होतो आणि तीही क्षणात येते, हे खरं; पण तेव्हाही आधीच्या महिन्यांची हकीकत खोदून विचारली तर बहुधा सापडते.

लहान मुलांबद्दल थोडक्यात सांगतो, पण गांभीर्याने. सकाळी उठल्या उठल्या ओकारी आणि मग दिवसभर खेळणं, असं आठवड्यांवर चाललेलं मूल जंताच्या औषधावर ठेवू नये. चालता येणारं मूल पुन्हा पडू लागलं, मान एका बाजूला कलती ठेवू लागलं, किंवा सरळ असलेला डोळा तिरळा झाला, तर लहान मेंदूच्या गाठीचा विचार आधी करावा. तिरळेपणाबाबत एक सावधगिरी हवी : डोळा बाहेर फिरवणारा सहावा मज्जातंतू लांबचा रस्ता कापून येतो आणि दाब कुठूनही वाढला तरी तो ताणला जातो, म्हणून त्यावरून गाठीची जागा सांगू नये. टाळू न भरलेल्या बाळाचं डोकं टेपने मोजावं आणि महिन्याने पुन्हा मोजावं. थोड्या मोठ्या मुलाच्या कवटीवर बोटाने टिचकी मारली तर तडकलेल्या मडक्यासारखा आवाज येतो, अशी विल्यम मॅकइवेनने सांगितलेली जुनी खूण आहे. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, पण ऐकून ठेवायला हरकत नाही.

मेंदूपलीकडेही पाहायचं असतं, आणि ते राहून जातं. मोठ्या माणसांच्या मेंदूतल्या गाठींत दुसरीकडून आलेल्या गाठी सगळ्यात जास्त. फुप्फुस आणि स्तन ही त्यांची मुख्य माहेरं. बिडी ओढणाऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, बाईच्या स्तनांची तपासणी परिचारिकेच्या सोबतीने करायची, मानेतल्या गाठी चाचपायच्या. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे डोळ्यांसमोर असतो, पण तो मेंदूत क्वचित जातो. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग पुष्कळ असतील तर तेही मोजून लिहावेत; काही घराण्यांत मज्जातंतूंच्या गाठी आणि असे डाग एकत्र येतात. पिच्युटरी ग्रंथीच्या गाठीने हातपाय, जबडा वाढतो तो इतक्या संथपणे की घरच्यांना कळत नाही. आधार कार्डावरचा जुना फोटो शेजारी धरा, चपलेचा नंबर विचारा. आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडांचं दिसतं का, हे आपली बोटं हलवून तपासा.

एवढं सगळं करूनही तपासणी कोरी येऊ शकते. कपाळामागच्या भागातली गाठ हातपाय, डोळे, कान, काहीच बिघडवत नाही, माणूस बदलतो. कष्टाळू माणूस दिवसभर बसून राहतो, अंगणातच लघवी करतो, मेलेल्या भावाच्या तेराव्याला हसतो. घरचे त्याला पुजाऱ्याकडे नेतात. मी पुजाऱ्याला दोष देणार नाही. हा पूर्वीचा माणूस राहिला नाही, हे निदान त्याने बरोबर केलेलं असतं, उपाय तेवढा त्याच्याकडे नसतो. आणि पंचविशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा झटका आला असेल, तर तपासणी कितीही स्वच्छ असो, त्याचं डोकं यंत्रात पाहायलाच हवं. तिथे माझी हातोडी मी खिशात ठेवतो.

यंत्र आणि न्यूरोसर्जन यांच्यापर्यंत जायचं म्हणजे आपल्याकडे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता आलं. पण गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी वाट नागपूरचीच. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त आणि तिथून नागपूर पुन्हा तेवढंच. पर्लकोटा नदीला पूर आला की पहिला टप्पाच बंद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या दोघांचं खाणं निघत नाही. म्हणून पाठवायचं की नाही, आणि आज की पंधरा दिवसांनी, हा निर्णय तपासणीवरच करावा लागतो.

तो निर्णय पत्रात उतरायला हवा. 'डोकेदुखी, पुढील उपचारासाठी' एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलेला रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेच्या शेवटी उभा राहतो, वेदनाशामक गोळी घेऊन परततो आणि पुन्हा जात नाही. त्याऐवजी लिहा : तक्रार किती आठवड्यांची, वाढतेय की थांबलीय, दोन्ही चकत्या कशा दिसल्या, की पाहता आल्या नाहीत, कोणता हात खाली आला, अंगठे कुठे गेले, बाहुल्या सारख्या आहेत का, रक्तदाब आणि नाडी, वेळेसकट, मलेरियाची चाचणी, सिकलसेलची चाचणी, बधिर चट्टे किंवा जाड मज्जातंतू आहेत की नाहीत, बोलणं कोणत्या भाषेत तपासलं आणि दुभाषी कोण होता. 'नाही' आलेली उत्तरंही लिहा, कारण नागपूरच्या निवासी डॉक्टरला लाखोळी आणि मण्यार सुचणार नाहीत, ते तुम्ही आधीच बाजूला काढलेत हे त्याला कळायला हवं. झोपाळलेल्या रुग्णाचं डोकं उशीने थोडं उंच ठेवून, सूज उतरवणारं इंजेक्शन देऊन, ते किती वाजता दिलं हेही लिहून, १०८ रुग्णवाहिकेत बसवा. शेवटी तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर घाला, रुग्णालयाचा नको. तो कुणी उचलत नाही.

अशा पत्राचा एक पानी नमुना मी छापून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. माडिया आणि तेलुगूत वस्तूंची नावं विचारण्यासाठीचे दोन स्तंभ त्यात रिकामे सोडलेत. ते भरायला मला तुमच्यापैकी भामरागड आणि सिरोंच्याच्या मंडळींची मदत लागेल, तेव्हा जाण्याआधी भेटा. आता प्रश्न विचारा.